बाळाच्या फाइलची सहा हजार पानं

आमचा मुलगा २०२१ च्या फेब्रुवारीत, सत्ताविसाव्या आठवड्यात झाला. वजन ९२० ग्रॅम. शिकागोच्या पश्चिमेकडच्या आमच्या उपनगरात गुडघाभर बर्फ साचलं होतं. कोविडमुळे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आई-बाबांपैकी एका वेळी एकालाच आत सोडायचे. माझी आई पुण्यात अडकलेली, ती फोनवरून अळिवाची खीर कशी करायची ते सांगायची आणि फोन ठेवताना रडायची.

एकोणिसाव्या दिवशी बाळाचं पोट फुगलं. पोटातल्या नळीतून हिरवट पाणी परत येऊ लागलं, शीमध्ये रक्त दिसलं. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे होते. नेक्रोटायझिंग एंटरोकोलायटिस. तिथल्या सिस्टर त्याला नुसतं 'नेक' म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्याला सूज येते आणि त्याचा तुकडा मरायला लागतो, एवढं सर्जनने सांगितलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. अकरा सेंटिमीटर आतडं काढलं. शी जमा व्हायला पोटावर पिशवी लावली. आठ आठवड्यांनी आतडं परत जोडलं आणि ११८ व्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं.

त्या दिवसांबद्दल मी पूर्वी कधी लिहिलं नाही, आताही फार लिहिणार नाही. मला लिहायचंय ते त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी आम्ही कायदेशीर दाव्याच्या वाटेला लागलो, त्याबद्दल. आमच्या ओळखीत कुणीच या वाटेने गेलेलं नव्हतं, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं.

सुरुवात एका जाहिरातीने झाली. २०२२ मध्ये फोनवर काहीतरी बघत असताना मध्येच ती आली. तुमचं बाळ वेळेआधी जन्मलं होतं का? त्याला गाईच्या दुधापासून केलेलं फॉर्म्युला, म्हणजे कंपनीचं तयार दूध, दिलं होतं का? त्याला नेक झालं होतं का? तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर हो होतं. तोपर्यंत मी धरून चालले होते की तो लवकर झाला म्हणून हे झालं. वरच्या दुधाचा याच्याशी काही संबंध असू शकतो, हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

मी फोन केला. पलीकडे कॉल सेंटर होतं. किती आठवडे, किती वजन, कोणत्या राज्यात, ऑपरेशन झालं का. मग त्याच आवाजात, पिनकोड विचारावा तसं, "बाळ जिवंत आहे का?" मी हो म्हटलं. फोन चालू असतानाच ईमेलवर करारनामा येऊन पडला, बोटाने सही करायची होती. मी केली नाही. नवऱ्याला तर हे सगळंच नको होतं. "ज्यांनी पोराला वाचवलं त्यांना कोर्टात खेचायचं?" तो म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही आणि वर्षभर मी विषय काढला नाही.

पण वाचायला लागले होते. वाचता वाचता कळलं की १९९० मध्ये, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी, लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ल्युकस आणि कोल यांचा इंग्लंडमधला अभ्यास छापून आला होता. अपुऱ्या दिवसांची ९२६ बाळं. ज्यांना फक्त फॉर्म्युला मिळालं, त्यांच्यात नेकचं प्रमाण फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांच्या सहा ते दहापट. हे मी दोनदा वाचलं आणि लॅपटॉप मिटला.

२०२३ च्या शरद ऋतूत आम्ही दोघं शिकागोच्या डाउनटाउनमध्ये एका वकीलबाईंना भेटलो. या वेळी जाहिरातीतून नाही, ओळखीतून. त्यांच्या खिडकीतून डर्कसन फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाची काळी इमारत दिसत होती. बोट दाखवून त्या म्हणाल्या, "देशभरातल्या फेडरल कोर्टांतले असे शेकडो खटले तिथे एका न्यायाधीशांपुढे एकत्र केलेले आहेत." २०२२ च्या एप्रिलपासून न्यायाधीश रिबेका पालमायर यांच्यापुढे. अ‍ॅबट आणि मीड जॉन्सन या फॉर्म्युला बनवणाऱ्या दोन कंपन्यांविरुद्ध. प्रत्येक कुटुंबाचा खटला वेगळाच राहतो, फक्त कागदपत्रं, साक्षी, तज्ज्ञ ही तयारी एकदाच सगळ्यांसाठी होते. मग त्यातले काही खटले नमुन्यादाखल आधी चालवायचे. राज्यांच्या कोर्टांत दाखल झालेले खटले वेगळे.

नवऱ्याचा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. असे दावे बहुतेक वेळा दूध बनवणाऱ्या कंपनीवर असतात, डॉक्टर-सिस्टरवर नाही. म्हणणं दोन प्रकारचं असतं. एक, गाईच्या दुधावर बेतलेला हा पदार्थ इतक्या लहान बाळांसाठी धोक्याचा आहे. दोन, धोका माहीत असून कंपनीने तसा इशारा दिला नाही. कंपन्या दोन्ही नाकारतात. त्यांचं म्हणणं, फॉर्म्युलामुळे नेक होतं असं सिद्ध झालेलं नाही, आईचं दूध कमी पडतं तेव्हा ही बाळं जगवायला त्याची गरज असते, आणि आईच्या दुधाचं महत्त्व नवजात बाळांच्या डॉक्टरांना माहीतच असतं.

"तुम्हाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील," वकीलबाई म्हणाल्या. "या दुधामुळे अशा बाळांना हा आजार होऊ शकतो ही पहिली. तुमच्या बाळाला तो त्याच्यामुळेच झाला ही दुसरी. दुसरी फार अवघड. फक्त आईचं दूध मिळालेल्या बाळांनाही नेक होतं." त्यांनी काहीही गोड करून सांगितलं नाही, म्हणून मला त्या पटल्या. पैसे मिळाले तर खर्च वजा जाता ४० टक्के त्यांचे, नाही मिळाले तर आम्ही काही द्यायचं नाही. आणि करारातलं एक कलम त्यांनी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं: ही सही म्हणजे आम्ही खटला दाखल करू असं नाही, आम्ही कागद तपासू एवढंच.

मग कागद मागवायचे. रुग्णाला, आणि लहान मूल असेल तर आई-बापांना, फाइल मागायचा हक्क इथल्या फेडरल कायद्यानेच दिला आहे. रुग्णालयाला सहसा तीस दिवसांत ती द्यावी लागते. एक गोष्ट मला उशिरा कळली, म्हणून इथे लिहून ठेवते. नुसतं 'मेडिकल रेकॉर्ड' मागितलं तर डिस्चार्जचा सारांश आणि डॉक्टरांच्या नोंदी येतात. दर तीन तासांनी बाळाला काय आणि किती मिलिलिटर पाजलं, किती परत आलं, ते सिस्टरच्या तक्त्यात असतं आणि ते वेगळं नाव घेऊन मागावं लागतं. दूध साठवतात त्या खोलीची नोंदवही त्याहून वेगळी. आम्हाला पहिल्या खेपेला नऊशे पानं आली. दुसऱ्या खेपेला सगळं मिळून सहा हजार चारशे.

ती वाचायचं काम खरं तर वकिलांच्या ऑफिसमधल्या नर्सचं होतं. पण मी पण वाचली. मुलगा झोपला की साडेनऊला बसायचे, बारा-साडेबारापर्यंत. पाच महिने. शेजारी एक वही, त्यात मराठीत नोंदी. इंग्रजीत लिहिलं असतं तर मी पुन्हा तीच इंग्रजी वाक्यं उतरवली असती. मला ते दिवस माझ्या भाषेत हवे होते.

तिसऱ्या दिवशी: माझं दूध, दर तीन तासांनी १ मिलिलिटर. चौथ्या दिवशी तेवढंच. मग हळूहळू वाढवत, दर किलोमागे दिवसाला वीसेक मिलिलिटरने. अकराव्या दिवसापासून दुधात फॉर्टिफायर. नुसत्या आईच्या दुधात एवढ्याशा जिवाला पुरेल इतकं प्रथिन आणि कॅल्शियम नसतं, म्हणून ही भर घालतात. हे मला तेव्हा सांगितलं होतं, आठवतंय. तेराव्या दिवशी दुपारी तीनच्या रकान्यात पहिल्यांदा दोन शब्द आले: प्रीटर्म फॉर्म्युला, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचं फॉर्म्युला. त्याआधीच्या रकान्यात लिहिलं होतं, आईचं दूध उपलब्ध नाही.

उपलब्ध नाही. त्या दिवशी मी आठ वेळा पंपाला बसले होते. तीस मिनिटं दोन्ही बाजूंना लावून बाटलीच्या तळाला पिवळी रेघ यायची, कधी पाच मिलिलिटर, कधी सात. बाळ छातीशी नाही, झोप नाही, टाक्यांचं दुखणं, पान्हा कशाने फुटणार? सिस्टर दिलासा द्यायच्या, थेंब अन् थेंब सोन्यासारखा आहे म्हणायच्या. थेंब पुरत नाहीत तेव्हा बाळाला काय देतात, हे मी कधी विचारलं नाही, कारण माझ्या मनात ते विचारणं म्हणजे आपण कमी पडलो हे कबूल करणं होतं.

अठराव्या रात्रीच्या नोंदीत ३ वाजून १० मिनिटांनी एक ओळ आहे. "आईचा फोन आला. पोट कसं आहे विचारलं. माहिती दिली." मी तो फोन केल्याचं मला अजिबात आठवत नाही. पहाटे तीनला मी पोटाबद्दलच का विचारलं? मला काय जाणवलं होतं? त्या सिस्टरने ती ओळ लिहिली नसती तर मला हे कधीच कळलं नसतं. त्या रात्री मी पुढचं पान उलटलं नाही.

आणि मग संमतिपत्रं. ती फाइलच्या अगदी शेवटी असतात, स्कॅन केलेली, वाकडीतिकडी. मी सगळ्यांना सांगत आले होते ती माझी सगळी गोष्ट अशी होती की मला कुणी विचारलंच नाही. दात्या आईचं, म्हणजे दुसऱ्या आईने दान केलेलं, दूध मिळू शकतं हे मला माहीतच नव्हतं. मी तसं नवऱ्याला सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं, वकीलबाईंना पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

पान ६२११. दात्या दुधाची संमती. दोन चौकोन. 'नको, गरज पडल्यास फॉर्म्युला द्यावं' या चौकोनात खूण. खाली माझी सही. वेळ पहाटे २:४०.

सही माझीच होती. ती रात्र मला तुकड्यातुकड्यांत आठवते. रक्तदाब वाढलेला, झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून मॅग्नेशियम चाललेलं, अंगात आग आणि डोळ्यांपुढे सगळं दोन-दोन. सिझरच्या आधी कागदांचा गठ्ठा. भुलीची संमती, रक्ताची संमती, आणि मध्येच कुणीतरी म्हणालं की तुमचं दूध कमी पडलं तर दुसऱ्या आईचं चालेल का. कोविडचे दिवस. कोण बाई, कुठली बाई? मी नको म्हणाले असणार.

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. दात्या स्त्रियांच्या रक्ताची तपासणी होते, असं त्यात आहे. दूध पाश्चरीकृत असतं, असंही आहे. नेक हा शब्द कुठेच नाही. दात्या दुधाने त्याचा धोका कमी होतो, फॉर्म्युलाने तेवढा होत नाही, अशी एक ओळ असती तर मॅग्नेशियम चालू असतानाही मी दुसऱ्या चौकोनात खूण केली असती का? बहुतेक केली असती. पण हे मी आज म्हणते आहे.

दुसऱ्या दिवशी मावशीला फोन लावला. माझी मावशी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सिस्टर होती, निवृत्त झालीय. तिथे १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. मावशीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दुसऱ्या बाईचं म्हणून नको म्हणालीस?" ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प. "तुझी चूक नाही गं. आमच्याकडे आम्ही बाईच्या खाटेवर बसून सांगायचो. धारावीतल्या बाया यायच्या, ज्यांना जास्त होतं त्या दुसऱ्यांच्या पोरांसाठी काढून द्यायच्या. कागदावर कोण समजतं?" दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, मग त्यातले बहुतेक जंतू मरतात, हे तिने मला तोंडपाठ सांगितलं. आमच्या घरापासून तासाभराच्या आत, एल्क ग्रोव्ह व्हिलेजला, अशीच एक दूधपेढी आहे. मला हे सगळं २०२४ मध्ये कळत होतं.

वकीलबाईंना तो कागद मीच पाठवला. लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण तो फाइलमध्ये होता, कधीतरी निघणारच होता. त्या म्हणाल्या, "पलीकडचे म्हणतील आईला पर्याय दिला होता, तिने नाकारला. आपण म्हणू की पर्याय काय आहे ते तिला सांगितलंच नाही. पण मग बोट कंपनीपेक्षा फॉर्म लिहिणाऱ्याकडे वळतं." आणि रुग्णालयावरच्या दाव्याच्या मुदती वेगळ्या, जास्त आखूड.

मी पानं वाचत होते त्याच काळात निकाल येत होते. २०२४ च्या मार्चमध्ये इलिनॉयच्याच बेलव्हिल गावी ज्युरीने मीड जॉन्सनविरुद्ध सहा कोटी डॉलर द्यायचा निर्णय दिला. त्या आईचं बाळ गेलं होतं. जुलैमध्ये सेंट लुईसला अ‍ॅबटविरुद्ध ४९ कोटी ५० लाख. नातेवाइकांचे मेसेज येऊ लागले, "तुमचं काय झालं?" त्या आकड्यांनी मला आनंद झाला नाही, धडकी भरली. लोक आता आमच्याकडे बघून आकडा मनात धरतील असं वाटलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एफडीए, सीडीसी आणि एनआयएच या आरोग्य क्षेत्रातल्या तीन अमेरिकी सरकारी संस्थांनी एकत्र निवेदन काढलं: फॉर्म्युलामुळे नेक होतं असा निर्णायक पुरावा नाही, मात्र आईचं दूध नेकपासून संरक्षण देतं याचा भक्कम पुरावा आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस सेंट लुईसमधल्या दुसऱ्या खटल्यात ज्युरीने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या मार्चमध्ये तिथल्याच न्यायाधीशांनी तो रद्द करून पुन्हा खटला चालवायला सांगितलं. आणि २०२५ मध्ये न्यायाधीश पालमायर यांनी नमुन्याचे काही खटले, ज्युरीपुढे जाण्याआधीच, कंपनीच्या बाजूने निकालात काढले. फॉर्म्युलाऐवजी त्या विशिष्ट बाळाला दुसरं काय देता आलं असतं आणि त्याने आजार टळला असता का, हे दाखवणं तिथे कुटुंबांना जड गेलं.

सरकारी निवेदनातलं ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय. बहुतेक लोक त्याचा पहिला अर्धा भाग सांगतात. काही लोक फक्त दुसरा. मला दोन्ही अर्धे एकत्र खरे वाटतात. फॉर्म्युला विष आहे असं मी म्हणणार नाही. ऑपरेशननंतर माझा मुलगा सात महिने एका खास फॉर्म्युलावर वाढला, त्याच्याशिवाय तो आज नसता. पण पहिल्या तीन आठवड्यांत मानवी दूध मिळणं आणि न मिळणं यात फरक आहे, हे डॉक्टरांना माहीत होतं, कंपन्यांना माहीत होतं, माझ्या मावशीला माहीत होतं. त्या खोलीत ते माहीत नसलेली एकटी मीच होते, आणि सही माझीच घेतली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वकिलांचं पत्र आलं. दोन पानी, सौजन्याचं. आमची फाइल ते बंद करत होते. एक कारण पान ६२११. दुसरं असं की आमच्या कागदांत फॉर्म्युला आणि फॉर्टिफायर कोणत्या कंपनीचं होतं हे कुठेच नव्हतं. तक्त्यात फक्त 'प्रीटर्म फॉर्म्युला, २४ कॅलरी'. त्यासाठी रुग्णालयाच्या खरेदीच्या नोंदी लागल्या असत्या आणि त्या खटला दाखल केल्याशिवाय मिळत नाहीत. तिसरं, फेडरल कोर्टातला वाऱ्याचा रोख. शेवटी लिहिलं होतं की याचा अर्थ तुमच्या दाव्यात तथ्य नाही असा नव्हे, तुम्ही दुसऱ्या वकिलाला विचारू शकता. इलिनॉयमध्ये इजा लहान मुलाला झालेली असेल तर उत्पादनावरच्या दाव्याची मुदत तो अठरा वर्षांचा झाल्यावर सुरू होते.

नवऱ्याने पत्र वाचून माझ्या हातावर हात ठेवला. त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं. मलाही थोडं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण दोन दिवसांनी मी रुग्णालयाला एक पत्र लिहिलं. दाव्याचं नाही. पान ६२११ ची प्रत जोडली आणि विचारलं, हा फॉर्म अजून असाच वापरता का? पहाटे पावणेतीनला, मॅग्नेशियमवर असलेल्या बाईकडून?

सहा आठवड्यांनी एनआयसीयूच्या मुख्य सिस्टरचा फोन आला. फॉर्म बदललाय, त्या म्हणाल्या. आता बाळंतपणाच्या रात्री घेतलेली सही अंतिम धरत नाहीत. तिसऱ्या दिवशी कुणीतरी आईजवळ बसून पुन्हा विचारतं. मी नव्या फॉर्मची प्रत मागितली. त्यांनी पाठवली. नेक हा शब्द चौथ्या ओळीत आहे, आणि तो काय असतो हे पाचव्या ओळीत. मी त्याचं छापील पान काढलं आणि मुलाच्या फाइलमध्ये ६२११ च्या मागे लावलं. ती फाइल आता त्याच्या कपाटात आहे, माझ्या नाही.